सेंद्रिय स्फटिकांच्या आंतरपृष्ठावरील विद्युत वहन : एक दावा आणि एक निरीक्षण

धातू विद्युत वाहून नेतात आणि सेंद्रिय द्रव्ये नेत नाहीत, अशी ढोबळ विभागणी कामरगावसारख्या गावातील शाळेपासून पदवीच्या वर्गापर्यंत आपण शिकवीत आलो आहोत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही विभागणी मोडली. दोन सेंद्रिय स्फटिक जेथे एकमेकांना भिडतात, त्या आंतरपृष्ठावर घडणाऱ्या वहनाचा शोध कसा लागला आणि तो विश्वासार्ह कसा ठरला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१९५४ मध्ये अकामात्सु, इनोकुची व मात्सुनागा या जपानी संशोधकांना पेरिलीन या हायड्रोकार्बनच्या ब्रोमीनयुक्त संयुगात अनपेक्षित वाहकता आढळली. १९७३ मध्ये टीटीएफ व टीसीएनक्यू या दोन रेणूंपासून बनलेला स्फटिक धातूप्रमाणे विद्युत वाहून नेतो, असे अमेरिकेत दिसून आले. यातील पहिला रेणू इलेक्ट्रॉन देतो व दुसरा तो स्वीकारतो. तापमान उतरत जाते तशी या स्फटिकाची वाहकता वाढते. मात्र सुमारे ५४ केल्विनच्या खाली तो रोधकाकडे वळतो. पुढे १९८६ मध्ये कोडॅक कंपनीतील चिंग टँग यांनी दोन भिन्न सेंद्रिय थर एकावर एक देऊन सौरघट तयार केला. त्याची कार्यक्षमता जेमतेम १ टक्का होती. परंतु प्रभार विलग होण्याचे खरे स्थान थरांच्या सीमेवर आहे, हे त्यातून अधोरेखित झाले.

यानंतरचा अध्याय क्लेशदायक आहे. २००० पासून बेल प्रयोगशाळेतील यान हेन्ड्रिक श्योन या तरुण संशोधकाने सेंद्रिय स्फटिकांवर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा थर देऊन, त्या दोहोंच्या आंतरपृष्ठावर विलक्षण वहन घडविल्याचे दावे केले. फुलरिनच्या स्फटिकात ५२ केल्विनला अतिवाहकता मिळाल्याचेही त्याने जाहीर केले. इतर प्रयोगशाळांनी पुष्कळ खटपट केली, पण तो परिणाम कोणालाच साधेना. अखेर भिन्न प्रयोगांच्या आलेखांतील गोंगाटाचे चढउतारसुद्धा तंतोतंत जुळतात, हे सहव्यावसायिकांच्या लक्षात आले. गोंगाट हा यादृच्छिक असतो. तो दोनदा सारखा येणे अशक्यच. माल्कम बीझ्ली यांच्या समितीने सप्टेंबर २००२ मध्ये २४ आरोपांपैकी १६ सिद्ध झाल्याचा अहवाल दिला. प्रयोगवह्या ठेवलेल्या नव्हत्या आणि मूळ नोंदी संगणकातून पुसल्या गेल्या होत्या. हे शोधनिबंध ‘नेचर’ व ‘सायन्स’ या नियतकालिकांतील तज्ज्ञ-परीक्षणातून गेलेले होते, हे विसरता येत नाही. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांचा भर वाङ्मयचौर्यावर व मजकुराच्या साम्यावर आहे. श्योनचे निबंध अशा साम्य-तपासणीतून बहुधा निर्वेध पार पडले असते, असे आम्हांस वाटते.

या प्रकरणाने संपूर्ण क्षेत्र संशयाच्या छायेत आले. सेंद्रिय एकस्फटिकांवर काम करणाऱ्यांनी मग पद्धतच बदलली. नाजूक स्फटिकावर दुसऱ्या द्रव्याचा थर बसविण्याऐवजी तयार स्फटिक अलगद पृष्ठभागावर ठेवावयाचा. पुरेसा पातळ असल्यास तो आपोआप चिकटतो. २००३ च्या सुमारास नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथे टेट्रासीनच्या स्फटिकांवर या रीतीने मोजमापे झाली.

याच साध्या कृतीतून २००८ चे निरीक्षण हाती आले. हेलेना आल्व्हेस, आना मोलिनारी, हांगशिंग शिये व आल्बेर्तो मोर्पुर्गो यांनी टीटीएफचा एक व टीसीएनक्यूचा एक असे दोन शुद्ध स्फटिक एकमेकांवर ठेवले. वेगवेगळे पाहता हे दोन्ही स्फटिक जवळजवळ रोधकच. परंतु जेथे ते भिडले त्या पृष्ठाचा रोध प्रति चौरस १ ते ३० किलोओहम एवढाच भरला आणि उत्तम नमुन्यांत वाहकतेचे तापमानाशी असलेले नाते धातूसारखे आढळले. इलेक्ट्रॉनांचे स्थानांतरण सीमेलगतच्या रेणूंच्या पातळीवर घडते व वहन त्या अरुंद पट्ट्यातच होते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. ‘नेचर मटेरिअल्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निबंधात १ ते ३० अशी रुंद मर्यादा जशीच्या तशी दिलेली आहे, धातुसदृश वर्तन केवळ उत्तम नमुन्यांतच दिसले, हेही तेथे स्पष्ट नमूद आहे.