आधी सनद, मग फॉरवर्ड

७ जून २०२३. कोल्हापुरात मोबाइलवरच्या काही स्टेटसवरून बंद पुकारला गेला, दगडफेक झाली, पोलिसांनी लाठीमार केला आणि इंटरनेट बंद झाले. ते पुन्हा सुरू झाले तेव्हा मी ॲडमिन असलेल्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर मेसेजचा पूर आला. ग्रुपमध्ये हिंदू-मुसलमान दोन्ही घरांतली मुले आहेत. एकाने मुसलमानांना दोष देणारा व्हिडिओ टाकला. मी तो लगेच काढला. थोड्या वेळाने आपल्यातल्याच एकाने एक आवाजी मेसेज टाकला. आवाज कुणाचा, कुठला, मला माहीत नव्हते. तरी मी तो ठेवला. रात्री पहिल्या मुलाचा फोन आला. "सर, माझा मेसेज काढलासा, मग त्याचा का ठेवलासा?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. इतिहासात मात्र याच प्रश्नाची एक जुनी गोष्ट आहे, आणि तीही कोल्हापूरचीच.

१८८१ च्या जानेवारीत पुण्यात 'केसरी' आणि 'मराठा' ही पत्रे सुरू झाली. आगरकर 'केसरी'चे संपादक, टिळक 'मराठा'चे. तेव्हा कोल्हापूरचे तरुण महाराज चौथे शिवाजी यांना वेडे ठरवून त्यांचा छळ होत असल्याची चर्चा महाराष्ट्रभर होती. त्याचा दोष संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर येत होता. बर्व्यांची म्हणून काही पत्रे या संपादकांच्या हाती आली आणि त्यांच्या आधारे मजकूर छापला गेला. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. पत्रे बनावट निघाली. संपादकांनी माफी मागितली, तरी जुलै १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. मुंबईच्या डोंगरी तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. त्यावर आगरकरांनी पुढे पुस्तकही लिहिले.

पुढचा भाग आपण विसरतो. २५ डिसेंबर १८८३ रोजी अहमदनगरला पहाऱ्यावरच्या ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत हे महाराज मरण पावले. म्हणजे लोकांना वाटणारी काळजी खरी होती, कागद खोटे होते. खोट्या कागदांमुळे कोर्टात चर्चा राजाच्या छळाची राहिली नाही, संपादकांच्या चुकीची झाली. खऱ्या तक्रारीला खोटा पुरावा जोडला की आधी तक्रारच बुडते. मुसलमानांनी तर हे पाटीवर लिहून ठेवावे. आपल्यावर अन्याय होतो तेव्हा आपल्याच ग्रुपवरचा एक बनावट व्हिडिओ समोरच्याला सुटकेची वाट करून देतो.

खरे तर तपासणीची विद्या आपल्या घरचीच आहे. हदीसच्या अभ्यासात मजकुराइतकीच सनद महत्त्वाची: कोणी कोणाकडून ऐकले, ती दोघे भेटली होती का, सांगणारा विश्वासू होता का. साखळीतली एक कडी तुटली तरी रिवायत कमकुवत ठरते. अनेकदा फॉरवर्ड झालेल्या मेसेजवर व्हॉट्सॲप दुहेरी बाण दाखवते. २०२० पासून असा मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो. तो दुहेरी बाण म्हणजे सनद हरवल्याची खूणच. अशा वेळी बातमीची तहकीक करा, हा सूरह हुजुरातचा हुकूम आपण जुम्याच्या बयानात ऐकतो आणि मशिदीच्या पायरीवर मोबाइल काढून विसरतो.

कायद्याने ॲडमिनवर ओझे टाकलेले नाही. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सांगितले, की सदस्याने आक्षेपार्ह मजकूर टाकला म्हणून ॲडमिन आपोआप गुन्हेगार ठरत नाही. त्यात त्याचाही सामायिक हेतू असावा लागतो. निकाल योग्यच आहे, नाहीतर ॲडमिन व्हायला कोण धजेल? पण कोर्टाने मोकळे सोडले म्हणून माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नातून मी सुटत नाही. मेसेज काढण्याचे बटण माझ्या हाती आहे. ते मी एकाच बाजूवर दाबले, तर त्याला देखरेख म्हणता येणार नाही.

त्या खटल्यातली आणखी एक गोष्ट मला मार्ग दाखवून गेली. टिळक-आगरकरांच्या जामिनासाठी जोतीराव फुले यांनी खटपट केली आणि त्यांचे स्नेही रामशेठ उरवणे दहा हजार रुपयांना जामीन राहिले. फुल्यांचे आणि त्या पुणेकर मंडळींचे किती पटत होते, हे सर्वांना ठाऊक आहे. तरीही त्यांनी मदत केली.

मी ग्रुपवर माफी मागितली, तो आवाजी मेसेज काढला आणि फोन करणाऱ्या त्या मुलालाच दुसरा ॲडमिन केला. तीन नियम ठरले. सनद नसलेली बातमी कोणाच्याही बाजूची असो, निघेल. काढणारा ग्रुपवर कारण लिहील. ज्याचा मेसेज निघाला त्याला बोलायची संधी मिळेल. मतभेद मात्र काढायचे नाहीत, कितीही झोंबले तरी.

मागच्या रमजानमध्ये त्याने माझाच एक फॉरवर्ड काढला. खाली लिहिले: "सर, हा फोटो जुना आहे, दुसऱ्या देशातला." मी तपासले. त्याचे बरोबर होते.