परका शत्रू की घरचाच माणूस? : एका जनुकाचा इतिहास



मराठीच्या अध्यापकाने स्मृतिव्याख्यानासाठी जनुकाचा विषय निवडावा, याचे काहींना नवल वाटेल. परंतु या कथेतील एक प्रमुख शास्त्रज्ञ हॅरल्ड व्हार्मस हे हार्वर्ड विद्यापीठाचे इंग्रजी साहित्याचे एम.ए.; वैद्यकाकडे ते नंतर वळले. तेव्हा साहित्याच्या माणसाला येथे अगदीच मज्जाव नसावा.

कथेचा आरंभ १९०९ सालचा. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत पेटन राउस या तरुण संशोधकाकडे छातीवर गाठ असलेली एक कोंबडी आली. गाठीचा अर्क त्यांनी अशा सूक्ष्म गाळणीतून गाळला की, तीतून ना पेशी उतरावी, ना जीवाणू. तो निवळ द्रव टोचताच निरोगी कोंबड्यांनाही तशीच गाठ झाली. हा निष्कर्ष १९११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या द्रवात विषाणू होता. मात्र कर्करोग स्पर्शाने पसरत नाही, हा वैद्यांचा नित्याचा अनुभव. त्यामुळे विद्वानांनी या शोधाकडे पाठ फिरविली. राउस यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते १९६६ मध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी.

इतिहासाची खरी गंमत पुढेच आहे. पारितोषिकाच्या व्याख्यानात राउस यांनी, पेशीच्या स्वतःच्या जनुकांत बदल होऊन कर्करोग उद्भवतो, ही कल्पना ठामपणे अमान्य केली. १९७० मध्ये ते निवर्तले आणि अवघ्या सहा वर्षांनी त्यांच्याच विषाणूने त्या कल्पनेच्या बाजूने साक्ष दिली.

त्या विषाणूतील एक जनुक काढून टाकले, तर विषाणूची वाढ अडत नाही. फक्त गाठ होत नाही, हे तोवर कळले होते. सार्कोमा, म्हणजे मांसार्बुद, या शब्दावरून त्या जनुकाला 'एस.आर.सी.' हे नाव पडले. विषाणूला ज्याचा उपयोग नाही, ते त्याच्यापाशी आले कोठून? सॅन फ्रान्सिस्को येथे मायकेल बिशप आणि व्हार्मस यांच्या प्रयोगशाळेत दोमिनिक स्तेहेलँ यांनी या जनुकाचा माग काढला. ते निरोगी कोंबडीतही सापडले. बदक आणि ईमू यांच्यातही सापडले. हा शोधनिबंध १९७६ चा. पुढे माणसातही ते आढळले. आपल्या विसाव्या गुणसूत्रावर त्याचे स्थान आहे. थोडक्यात, विषाणूने ते कोंबडीच्याच पेशीतून उचलले होते. १९८९ चे नोबेल बिशप आणि व्हार्मस यांना मिळाले. वगळले गेलेल्या स्तेहेलँ यांनी जाहीर निषेध नोंदविला.

हे जनुक करते काय? त्यापासून एक विकर (एन्झाइम) तयार होते. ते इतर प्रथिनांना फॉस्फेटची खूण लावते, हे १९७८ मध्ये कोलेट आणि एरिक्सन यांनी दाखविले. 'वाढ', 'सरक', 'थांब' अशा बाहेरून आलेल्या आज्ञा अशा खुणांच्या द्वारे पेशीत आतवर पोहोचतात. या विकराच्या शेपटाशी एक कडी आहे. कडी लागलेली असताना विकर स्वस्थ असते. आज्ञा आली की ती क्षणभर निघते. विषाणूतील प्रतीला ती कडीच नाही. म्हणून तेथे 'वाढ' ही आज्ञा थांबतच नाही. १९९१ मध्ये उंदरांतून हे जनुक काढून पाहिले, तेव्हा जुने हाड झिजविणाऱ्या पेशी निकामी झाल्या आणि हाडे अवाजवी दाट झाली. याचा अर्थ, ते देहाच्या नित्य कामातले आहे. माणसात या जनुकाची मोडतोड क्वचितच आढळते. परंतु मोठ्या आतड्याच्या व स्तनांच्या अनेक गाठींत या विकराची सक्रियता वाढलेली दिसते. अशा विकरांना आवरणारी औषधेही आली. २००६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले डॅसॅटिनिब हे एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगावर वापरले जाते.

भाषेचा विद्यार्थी म्हणून मला येथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. या रोगाविषयी आपण 'शत्रू', 'आक्रमण' असे शब्द वापरतो. 'घरभेदी' हाही शब्द येथे लागू पडत नाही, कारण घरभेदी फितुरी जाणून करतो. येथे आहे तो कर्ता माणूस. फक्त त्याचा संयम सुटला आहे. आजही कितीतरी घरांत या रोगाचे नाव दबक्या आवाजात घेतले जाते, रुग्णाचे ताट-पेला वेगळे काढले जाते, पूर्वकर्माचा हिशेब मांडला जातो. ज्या कणाकणाने आपण वाढलो, त्यातल्याच एकाची कडी निघाली, यात रुग्णाचे पाप कोणते? एवढे जरी आपण आपल्या घरी जाऊन सांगितले, तरी हे व्याख्यान कारणी लागले असे मी मानीन.