सुळका उभा नाही, घडतो आहे

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याने येऊन तुम्ही कर्नाळा किल्ला चढला आहात. सुळक्याला पाठ टेकवा. आता प्रत्येक श्वासाला एक लाख वर्षं मागे जायचं आहे.

पहिल्याच श्वासात अख्खं पनवेल जातं. २०२५ साली उद्घाटन झालेला विमानतळ, १८५२ची नगरपालिका, खाडीवरचं जुनं बंदर, पायाखालचा किल्ला, काहीच नजरेला ठरत नाही. मग पाठीमागचा कातळ रुंदावू लागतो. पावसाळ्यांनी नेलेली माती परत येते. सुळका डोंगरात मिसळतो, डोंगर पठारात. तुम्ही दगडाच्या पोटात आहात. समुद्राकडे कललेले त्याचे थर सावकाश आडवे होतात. भूशास्त्रज्ञ जॉन ऑडन यांनी १९४९ साली वर्णन केलेल्या या कलाला जगभरचे भूशास्त्रज्ञ पनवेलच्याच नावाने ओळखतात.

सहाशे श्वास सरले. आज तीन हजार किलोमीटरांवर असलेली सेशेल्स बेटं पश्चिमेकडून येऊन भारताला चिकटतात. आणखी थोडं मागे, सुमारे साडेसहाशेव्या श्वासाला, जमीन भेगाळली आहे. पाठीशी होता तो कातळ लाल होऊन वाहतो आहे.

आता सांगा, सुळका ही ‘वस्तू’ यातल्या कोणत्या श्वासात होती? तत्त्वज्ञ व्हाइटहेड यांनी १९२० साली लंडनच्या थेम्सकाठी उभ्या असलेल्या इजिप्तच्या दगडी स्तंभाबद्दल असाच विचार मांडला: स्तंभ तिथे असणं हीसुद्धा घटनाच आहे. आपल्याकडचे बौद्ध पंडित त्याच्या कितीतरी शतकं आधी क्षणाक्षणाला नव्याने होणाऱ्या जगाबद्दल वाद घालत होते. मला हे दोन्ही कर्नाळ्यावर जितकं पटतं तितकं पुस्तकात पटलं नव्हतं. लाव्हा वाहणं, थर कलणं, पावसाने झिजणं, मधमाश्यांनी कपारीत पोळी बांधणं, या सगळ्याला मिळून आपण सुळका म्हणतो. आणि ते अजून चालूच आहे.

परत या. वायव्येला धावपट्टी दिसेल. तिथे उलव्याची टेकडी होती. सहा कोटींहून जास्त वर्षं घडत आलेली ती घटना सुरुंग लावून आपण काही वर्षांत थांबवली. विमानतळ हवा होता, हे मान्य. पण रायगडच्या उरलेल्या टेकड्या खाणींना देताना ‘नुसता दगड तर आहे’ हे कारण यापुढे कुणी देऊ नये.