क्रोव्हीच्या वाटेनं मागे

मोटार वर कड्यापाशी ठेवा आणि उतारानं पायी खाली या. क्रोव्हीत गाडीरस्ता नाही. स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, गॅमरीच्या उपसागराकाठी, कडा आणि पाणी यांच्यामध्ये घरांची जेमतेम एक ओळ मावली आहे. पुढे चिंचोळी पायवाट, की लगेच समुद्र. बहुतेक घरांनी दर्शनी बाजू पाण्याकडे ठेवलेली नाही. आखूड भिंत तेवढी पुढे केली आहे. का, ते पुढच्या चार पावलांत कळेल.

आता काळात मागे चला. शनिवार, ३१ जानेवारी १९५३. उत्तरेचा वारा तुम्हाला भिंतीशी दाबून धरतो. लाटा वाट तोडून नेतात, काही घरंही नेतात. याच वादळात आज आयर्लंडकडे निघालेली ‘प्रिन्सेस व्हिक्टोरिया’ बोट बुडेल, रात्री हॉलंडचे बांध फुटतील. त्यानंतर क्रोव्हीतली बरीच कुटुंबं गाव सोडतील आणि त्यांची घरं सुटीवर येणाऱ्यांची होतील. ते असो.

आणखी मागे चला. एकोणिसाव्या शतकातली पहाट. बायका झगे खोचून गार पाण्यात उतरल्या आहेत, नवऱ्यांना पाठुंगळी घेऊन होडीपर्यंत पोचवताहेत. पुरुषांना दिवसभर उघड्या होडीत बसायचं, त्यांचे पाय कोरडे राहायला हवेत. बायकांच्या पायांचं काय, हे विचारायला जाऊ नका. त्यांना वेळ नाही. घरी शिंपले फोडून गळांच्या लांबच लांब दोरीला आमिष लावायचं आहे. या किनाऱ्यावरच्या तरण्या पोरी तर हेरिंगच्या हंगामात होड्यांच्या मागोमाग पार इंग्लंडातल्या यार्मथपर्यंत जातात. तिघींची टोळी: दोघी मासा चिरून आतडी काढतात, तिसरी मीठ घालत पिंपात थर रचते. बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. सुरी एखादे वेळी चुकवता येते, मीठ नाही.

आणि आता अठराव्या शतकाची अखेर. उतारावरून माणसं खाली येताहेत, डोक्याखांद्यावर संसार. जरा नीट बघा, हे मच्छीमार नव्हेत. ही कुळं आहेत. आतल्या मुलखातल्या त्यांच्या जमिनीवर जमीनदाराला मेंढ्या चारायच्या आहेत; माणसांपेक्षा लोकर फायद्याची. नांगर धरणाऱ्या हातांनी आता वल्हं धरायचं. बरं, ज्या होडीत चढायचं तीही जमीनदाराचीच. स्वतःच्या होड्या होतील, पण सावकाश.