सस्पेन्स खातं

बायकोच्या खोडीबद्दल बोलावं की गप्प बसावं, हा प्रश्न बँकेच्या एकाही सर्क्युलरने सोडवलेला नाही. आमच्या हिला वस्तू ‘नीट’ ठेवायची सवय आहे. नीट ठेवलेली वस्तू पुन्हा दिसत नाही. विजेचं बिल मला एकदा साबुदाण्याच्या डब्यात भेटलं. तरी वीस वर्षं मी गप्प आहे. याला मी सहनशीलता म्हणतो. ती ‘तोंड फुगवणं’ म्हणते.

शेवटी इतिहासाला शरण गेलो. त्यासाठी नाशिककराला लांब जावं लागत नाही. गोदाकाठी जलालपूर आहे. तिथल्या गोखल्यांची मनकर्णिका १८८० साली, वयाच्या अकराव्या वर्षी, नारायण वामन टिळकांची लक्ष्मी झाली. तिच्या वडिलांचं सोवळं इतकं कडक की बाजारातून आणलेलं मीठसुद्धा धुऊन घ्यायचं! मीठ धुतल्यावर हाती काय उरतं, हे कॉमर्सच्या पदवीधरालाही कळतं. आईला ते सगळं सोसावं लागलं.

लेकीच्या वाट्याला वेगळाच नमुना आला. टिळक कवी, तापट, न सांगता कुठेही निघून जाणारे, हातातलं दुसऱ्याला देऊन मोकळे होणारे. पण लक्ष्मीबाई मुकाट बसणाऱ्यांतल्या नव्हत्या, त्या भांडायच्या. १८९५च्या फेब्रुवारीत टिळक मुंबईत ख्रिस्ती झाले, तेही बायकोचा विचार न घेता. ही काही खोड नव्हे. संसारच मोडायची वेळ. काही वर्षं दोघं वेगळी राहिली. मग त्या परतल्या आणि १९०० साली, स्वतःच्या मनाला पटल्यावर, ख्रिस्ती झाल्या. टिळक १९१९ साली गेले. १९३४पासून ‘स्मृतिचित्रे’चे भाग पुस्तकरूपाने येऊ लागले. नवऱ्याच्या साऱ्या खोड्या त्यात आहेत आणि त्याच्यावरची मायाही. मला वाटतं, बाई वेळच्या वेळी भांडल्या, म्हणूनच पुढे त्यांना एवढं मोकळं हसता आलं.

ज्या रकमेचा मेळ लागत नाही, ती आम्ही बँकवाले सस्पेन्स खात्यात टाकतो. संध्याकाळपुरता हिशेब जुळतो, पण रक्कम कुठे जात नाही. फार दिवस पडून राहिली की तपासणीला आलेला साहेब विचारतोच. माझी वीस वर्षांची सहनशीलता म्हणजे दुसरं काय होतं?

रात्री धीर करून म्हटलं, “अगं, तू वस्तू फार नीट ठेवतेस.”

“एवढंच? मग आजवर का नाही बोललात? आता माझं ऐका.”

तिच्याकडे यादी होती, तोंडपाठ, वर्षवार. साडेबारापर्यंत वाचन चाललं. चहा दोनदा झाला.

यादीतली पहिली नोंद होती: ‘हे काही बोलत नाहीत.’

वीस वर्षं ती तिने नीट ठेवली होती. आणि आश्चर्य म्हणजे, लगेच सापडली.