दुकानें बंद करण्याचा वाद



इंग्लंडचा इतिहास मीं शाळेंत बरींच वर्षें शिकविला. त्या पाठ्यपुस्तकांत राजे होते, लढाया होत्या, धान्याचे कायदे आणि मताधिकाराचे कायदे होते. परंतु दुकानाच्या फळ्या रात्रीं किती वाजतां लावाव्या या प्रश्नाविषयीं एक ओळहि मला आढळली नाहीं. आणि तरी या प्रश्नावर तेथील पार्लमेंटांत सव्वाशें वर्षांहून अधिक काळ वाद चालला, आणि त्यांत एकदां मोठें बहुमत पाठीशीं असलेलें सरकार हरलें. या वादाचे पडसाद पुढें आपल्या मुंबईंतहि उमटले, म्हणून आज तो आपणांपुढें मांडावा असें मनांत आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं लंडनला गॅसचे दिवे आले, आणि दुकानदाराला सूर्यास्ताची अडचण उरली नाहीं. कापडाच्या दुकानांतला नोकर सकाळीं सात-आठ वाजतां उभा राही, तो रात्रीं नऊ-दहापर्यंत उभाच. शनिवारीं तर मध्यरात्र होई. तो राहावयाचा मालकाच्याच घरीं, दुकानाच्या माडीवर, जेवणहि तेथेंच. उशिरा आला तर दंड, माल नीट न घडी केल्याबद्दल दंड, आणि नोकरी सुटली कीं त्याच क्षणीं डोक्यावरचें छप्परहि सुटे. एच्. जी. वेल्स हे सुप्रसिद्ध ग्रंथकार १८८१ सालीं साउथसी येथील एका कापडाच्या दुकानांत उमेदवारीला लागले होते. दोन वर्षांत ते तेथून बाहेर पडले, पण त्या दिवसांचा कडवटपणा पुढें ‘किप्स’ या १९०५ च्या कादंबरींत उतरला. गिरणींतल्या पोरांचें वय आणि तास कायद्यानें बांधले गेले होते. हा नोकर मात्र काळा कोट घालीत असे, त्याचे हात स्वच्छ असत, म्हणून तो मजूर नव्हे असें मानण्यांत येई. पांढरपेशेपणाची किंमत आपल्याकडेहि कारकुनांनीं अशीच मोजली आहे!

या नोकरांसाठीं १८४२ मध्यें लंडनच्या कापडवाल्यांची एक संस्था निघाली. तिलाच पुढें ‘अर्ली क्लोजिंग असोसिएशन’ असें नांव मिळालें. दुकानें लवकर बंद करावीं, पण कायद्यानें नव्हे, तर समजुतीनें, असें तिचें धोरण. धर्मोपदेशकांनीं प्रवचनें करावीं, सुशिक्षित स्त्रियांनीं संध्याकाळीं खरेदीला जाऊं नये, आणि मालकांनीं एकमेकांना वचन द्यावें. हेतु निर्मळ होता, माणसें प्रामाणिक होतीं. असें असतां ती समजूत टिकली कां नाहीं, हें नीट पाहण्यासारखें आहे. कारण पुढचा सारा वाद या एकाच खुंटीला टांगलेला आहे.

समजा, एका पेठेंत कापडाचीं दहा दुकानें आहेत. दहाहि मालक एकत्र बसून सात वाजतां फळ्या लावण्याचें ठरवितात. नऊ जण वचन पाळतात. दहावा म्हणतो, “आज एक गिऱ्हाईक बसलें होतें, त्याला उठवायचें कसें?” दुसऱ्या दिवशीं त्याच्याकडे दोन गिऱ्हाइकें जातात. तिसऱ्या दिवशीं शेजारच्या दुकानदाराच्या घरांतून प्रश्न येतो, “त्यांचा दिवा जळतो आहे, मग आपणच कां अंधारांत बसायचें?” महिना उलटतो न उलटतो तोंच दहाहि दुकानें पुन्हां दहापर्यंत उघडीं! लक्षांत घ्या कीं, या दहांपैकीं कोणालाहि दहापर्यंत बसण्याची हौस नाहीं. एकूण विक्रीहि वाढलेली नाहीं; जो लुगडें सातच्या आंत नेणार होता तो तें साडेनवाला नेतो, इतकेंच. जुन्या पुण्यांत दुपारीं एक ते चार दुकान बंद ठेवण्याची रीत होती. तिची थट्टा पुष्कळांनीं केली. पण सर्वांनीं पाळली तोंवरच ती रीत उभी राहिली, हें थट्टा करणारांच्या ध्यानांत क्वचितच येई.

तेव्हां कायदा हवा, ही मागणी केवळ नोकरांची नव्हती. पुष्कळ लहान दुकानदारहि ती करूं लागले. विरोधकांचें म्हणणेंहि पोकळ नव्हतें, हें सांगितलें पाहिजे. मजुराला पगार शनिवारीं संध्याकाळीं मिळे. त्याची बायको बाजाराला निघे ती त्यानंतर. मांस-मासळी थंड ठेवण्याची सोय नसल्यामुळें रविवारच्या आदल्या रात्रीं खाटीक उरला माल स्वस्तांत काढी, आणि गरिबाच्या घरीं आठवड्यांतून एकदां मांस शिजे तें त्याच मालाचें. दहा वाजतां दुकान बंद करणें म्हणजे श्रीमंताला कांहींच नाहीं आणि गरिबाला मात्र महाग, असा हा मुद्दा होता. उदारमतवादी पक्षांतील जुन्या वळणाच्या मंडळींचा दुसरा मुद्दा असा कीं, प्रौढ माणसानें आपले श्रम किती तास विकावे हें ठरविणारें सरकार कोण? आणि स्त्रियांच्या हक्कांसाठीं झगडणाऱ्या कांहीं बायकांना तिसरीच भीति वाटे: बायकांचे तास कायद्यानें कमी केले तर मालक बायकांना कामावर घेणारच नाहींत.

या गर्दींत एक शांत गृहस्थ उभे राहिले. सर जॉन लबक. पेढीचे मालक, मुंग्यांच्या जीवनक्रमाचे अभ्यासक, डार्विनचे शेजारी. १८७१ मध्यें बँकांना ठराविक सुट्या देणारा कायदा यांनींच पार पाडला होता. दुकानांचा प्रश्न त्यांनीं हातीं धरला तो जन्मभर सोडला नाहीं. १८८६ मध्यें त्यांच्या खटपटीला पहिलें फळ आलें. तें किती लहान होतें पाहा: अठरा वर्षांखालील नोकरांना जेवणाची सुटी धरून आठवड्याला ७४ तासांपेक्षां अधिक राबवूं नये! म्हणजे सहा दिवस, रोज बारा तासांहून अधिक. आणि हा सुधारलेला काळ. त्यावर देखरेख करणारा निरीक्षकहि कायद्यानें नेमला नव्हता. तो नेमण्याची मुभा नगरपालिकांना १८९२ मध्यें मिळाली. १८९९ मध्यें दर तीन स्त्री-नोकरांमागें बसावयास एक आसन ठेवावें असा कायदा झाला, त्यावरूनच आधीं काय स्थिति असेल तें समजावें.

१९०४ चा कायदा मला सर्वांत बोधप्रद वाटतो. गांवांतील एका धंद्याच्या दोन-तृतीयांश दुकानदारांनीं संमति दिली, तर नगरपालिकेनें बंद करण्याची वेळ ठरवावी, आणि मग ती उरलेल्या तिसऱ्या हिश्शावरहि बंधनकारक व्हावी, असा त्याचा आशय. वरच्या दृष्टान्तांतील तो दहावा दुकानदार आठवा. त्याच्याचसाठीं हा कायदा होता. पण सभा भरविणें, सह्या गोळा करणें, हरकती ऐकणें यांत गांवोगांवचे लोक दमून गेले.

मार्गारेट बाँडफील्ड ही मुलगी चौदाव्या वर्षीं ब्रायटनजवळ दुकानांत उमेदवारीला लागली होती. पुढें लंडनला येऊन ती नोकरांच्या संघांत शिरली, आणि ‘ग्रेस डेअर’ हें टोपणनांव घेऊन संघाच्या पत्रांत लिहूं लागली. उघड नांवानें लिहिलें असतें तर नोकरी टिकली नसती. दुकानामागच्या बायकांचें जिणें तिनें स्वतः फिरून तपासलें. हीच बाई १९२९ मध्यें ब्रिटिश मंत्रिमंडळांत बसणारी पहिली स्त्री झाली.

१९११ मध्यें गृहमंत्री विन्स्टन चर्चिल यांच्या खात्यानें मोठें बिल आणलें. त्यांत नोकरांना आठवड्याला साठ तासांची मर्यादा होती, रविवारचीं कलमें होतीं, सारें होतें. पण शनिवारीं धर्मानें दुकान बंद ठेवणारे ज्यू लोक म्हणाले, रविवारहि बंद तर आम्हीं जगावें कसें? खाणावळवाले वेगळेंच बोलूं लागले, फळवाले आणखी वेगळें. एकेक कलम गळत गेलें, आणि अखेर हातीं राहिली आठवड्यांतून एक अर्ध्या दिवसाची सुटी. पण ती खरी सुटी होती. त्या दिवशीं दुपारीं दीडनंतर नोकराला कामावर ठेवतां येईना. पहिल्या महायुद्धांत १९१६ मध्यें दिवाबत्तीचें इंधन वांचविण्यासाठीं दुकानें लवकर बंद करण्याचा हुकूम सुटला, आणि चमत्कार असा कीं, बाजार बुडाला नाहीं, लोक उपाशी मेले नाहींत. लोकांना संवय झाली. १९२८ च्या कायद्यानें रात्रीं आठ, आणि आठवड्यांतून एक दिवस नऊ, ही वेळ कायम झाली. जें लबकसाहेबांना जन्मांत साधलें नाहीं, तें युद्धानें करून दाखविलें.

यापुढें वाद रविवारवर येऊन ठेपला. १९३६ मध्यें रविवारीं दुकानें बंद ठेवण्याचा कायदा झाला. शनिवार पाळणाऱ्या ज्यू दुकानदारांना रविवारीं दुपारीं दोनपर्यंत मुभा मिळाली. हे सर्व नियम १९५० च्या कायद्यांत एकत्र आले, आणि अपवादांची यादी हास्यास्पद होऊन बसली. रविवारीं ताजें दूध विकावें, डब्यांतली दुधाची भुकटी विकूं नये. इतर शिजवलेलें अन्न विकावें. मात्र तळलेली मासळी आणि बटाटे, त्याच पदार्थाच्या खास दुकानांत, विकूं नयेत! असे नियम पाहून लोक कायद्याला हसूं लागले, आणि ज्याला लोक हसतात तो कायदा मोडण्यास कोणी कचरत नाहीं.

मार्गारेट थॅचर यांच्या सरकारनें १९८६ मध्यें हीं सर्व बंधनें उठविण्याचें बिल आणलें. कॉमन्स सभेंत त्यांचें बहुमत शंभराहून कितीतरी अधिक होतें. परंतु १४ एप्रिल १९८६ रोजीं तें बिल २८२ विरुद्ध २९६ मतांनीं पडलें. स्वपक्षाच्या ७२ सभासदांनीं विरुद्ध मत दिलें होतें. एका बाजूस चर्च, दुसऱ्या बाजूस दुकान-नोकरांचा संघ. एरवीं एका पंगतीला न बसणारी ही मंडळी त्या रात्रीं एका दारानें बाहेर पडली. थॅचरबाईंचें सबंध बिल कॉमन्स सभेंत पडल्याचा हा एकच प्रसंग.

तडजोड झाली ती १९९४ सालीं. २८० चौरस मीटरांहून मोठें दुकान रविवारीं दहा ते सहा या वेळांत फक्त सहा तास उघडावें. लहान दुकानाला बंधन नाहीं. आणि रविवारीं काम नाकारण्याचा हक्क नोकराला असावा. आतां लहान दुकानदार कोण? युगांडांतून १९७२ मध्यें हांकलून दिलेलीं गुजराथी कुटुंबें आणि भारत-पाकिस्तानांतून गेलेले इतर लोक यांचाच त्यांत मोठा भरणा होता. इतरांच्या फळ्या लागल्यावर घरच्या माणसांच्या बळावर दुकान उघडें ठेवून यांनीं संसार उभे केले होते. पूर्वीं हीं दुकानें कायदा मोडीत म्हणून बोल खात. आतां तोच कायदा मोठ्या दुकानांपासून त्यांचें रक्षण करूं लागला. म्हणून १९८६ नंतर तीस वर्षांनीं, मार्च २०१६ मध्यें, सरकारनें रविवारचे तास वाढविण्याचा अधिकार स्थानिक संस्थांना द्यावयाचें ठरविलें, तेव्हां लहान दुकानदारांनींच ओरड केली. तो प्रस्ताव २८६ विरुद्ध ३१७ मतांनीं पडला. पाडण्यास हातभार लावणारे स्कॉटलंडचे राष्ट्रीय पक्षवाले होते, आणि स्कॉटलंडांत हें रविवारचें बंधन कधीं नव्हतेंच! इंग्लंडांत रविवार इतर वारांसारखा झाला तर आमच्या नोकरांचा रविवारचा जादा पगार बुडेल, अशी त्यांना भीति होती. दहाव्या दुकानदाराची भीति अशी सबंध राष्ट्रालाहि लागूं शकते.

आतां मुंबईकडे वळूं. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीनें १८९० मध्यें गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली, हें आपण जाणतांच. पण गिरणीला एक दरवाजा आणि एक भोंगा असतो. तेथें दहा हजार माणसें एका वेळीं बाहेर येतात. भुलेश्वर किंवा मंगळदास बाजारांतला गुमास्ता पेढीवर एकटा किंवा दुकटा. त्यानें सभा भरवावी कोणाची? त्याच्यासाठीं कायदा आला तो १९३९ मध्यें, बाळासाहेब खेर यांच्या काँग्रेस मंत्रिमंडळाच्या कारकीर्दींत; दुकानें आणि आस्थापना यांविषयींचा हिंदुस्थानांतला हा पहिला कायदा. त्याची जागा घेणाऱ्या १९४८ च्या कायद्यानें नोकराला दिवसाचे नऊ आणि आठवड्याचे ४८ तास, पांच तासांनंतर विसावा, आणि दुकानाला आठवड्यांतून एक दिवस बंद, असें ठरविलें. बंद करण्याच्या वेळीं जें गिऱ्हाईक दुकानांत असेल त्याला माल देण्यास पंधरा मिनिटें अधिक मिळत. तें वरचें “गिऱ्हाईक बसलें होतें” हें निमित्त कायदेपंडितांना चांगलेंच ठाऊक असावें! दुकानें बंद असतांना फेरीवाल्यानेंहि माल विकूं नये, असें एक कलम त्यांत होतें. मुंबईचे व्यापारी दुकानाच्या परवान्यालाच ‘गुमास्ता’ म्हणूं लागले. ज्याच्यासाठीं कायदा झाला त्याचें नांव कागदाला मिळालें.

महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यानें ही जुनी गांठ सोडविली. दुकान वर्षाचे ३६५ दिवस उघडें राहूं शकेल. नोकराला मात्र आठवड्यांतून सलग चोवीस तासांची सुटी मिळालीच पाहिजे. गिऱ्हाइकाची सोय झाली, नोकऱ्या वाढतील असें सांगण्यांत आलें, आणि नोकराचा हक्कहि कागदावर शाबूत राहिला. माझ्या मतें ही विभागणी तत्त्वतः रास्त आहे. पण १९४८ च्या कायद्याखालीं निरीक्षकाला रस्त्यानें जातांना फळी लागली आहे कीं नाहीं एवढें पाहिलें तरी पुरे होई, आणि शेजारचा दुकानदारहि त्याला सांगे. आतां दुकान उघडें दिसलें म्हणून कांहींच सिद्ध होत नाहीं. कोण आज कामावर आहे, कालहि तोच होता काय, परवां त्याला सुटी दिली होती काय, हें हजेरीपुस्तकावरून पाहावें लागतें. निरीक्षक हें नांव जाऊन त्या जागीं ‘फॅसिलिटेटर’ हें नांव आलें आहे, आणि तें हजेरीपुस्तक लिहितो मालक.