४२.३४ मीटरवरील आवाज

१९४२ च्या ऑगस्टात नेते कारागृहात गेले आणि वृत्तपत्रांवर कडक निर्बंध आले. चिमूर-आष्टीस काय घडले, हे मोकळेपणी छापण्याची सोय उरली नाही. तेव्हा मुंबईत २२ वर्षांच्या उषा मेहता व त्यांच्या तरुण सोबत्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ चालविला. जे छापता येत नाही ते बोलून दाखवावे, हा त्यांचा निश्चय. पोलिसांना सुगावा लागू नये म्हणून जागा वरचेवर बदलावी लागे. सरकारी नभोवाणी त्यांच्या प्रक्षेपणात व्यत्यय आणी. आज तिच्याच ध्वनिक्षेपकापुढे ही हकीकत सांगताना किंचित संकोच वाटतो. १२ नोव्हेंबरला छापे सुरू झाल्याचे कळूनही उषाबेन रात्रीच्या प्रक्षेपणाला गेल्या, आणि पकडल्या गेल्या. पुढे ४ वर्षांची शिक्षा झाली. चौकशीत मात्र त्यांनी तोंड उघडले नाही.